आज भाऊचं काय चुकलं?

दुकानदारानं गिऱ्हाईकाला 'चूक दाखवा, बक्षीस मिळवा' म्हणावं, अशी कल्पना एका लेखात वाचली आणि हसू आलं. जळगावात आमचं केळीच्या वेफर्सचं छोटं दुकान आहे, तिथं हे तीन वर्षांपासून चाललंय. गल्ल्याजवळ फळा टांगलाय, त्यावर 'आज भाऊचं काय चुकलं?' एवढंच. भाऊ म्हणजे मीच. खडू गिऱ्हाईकाच्या हातात. पुसायचा अधिकार मला नाही. दुसऱ्या दिवशी आई पुसते, तेही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून! एका पोरानं लिहिलं होतं, "मीठ टाकलं का समुद्र?" तो घाणा खरंच खारट झाला होता. त्याला नव्या घाण्यातली पाव किलोची पुडी दिली.

पण नुसती गंमत पुरते, हे लेखकाचं म्हणणं पटलं नाही. नुसत्या गमतीवर लोक दोन दिवस हसतात, मग फळा भिंतीची शोभा होतो. सोबत तपासता येईल असं काहीतरी हवं. म्हणून काट्याशेजारी अर्ध्या किलोचं शिक्क्याचं वजन ठेवलंय, कुणीही ठेवून बघावं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते, ती तारीखही तिथंच. तेलाचं म्हणाल तर, तळणातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते बाद, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. पण गिऱ्हाईकाला टक्के कुठे दिसतात? मी आपली तेल बदलल्याची तारीख लिहितो. परवा राहून गेली, तर एक आजी म्हणाल्या, "काय रे भो, तेलाचा वाढदिवस विसरला का?"