टेम्पोचा नंबर टाकायची एवढी घाई कशाला?

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतून, म्हणजे औद्योगिक वसाहतीतून, माल निघतो आणि टेम्पोतून आठ-दहा किलोमीटरवरच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला जातो. एवढ्याशा फेरीसाठी कारखान्याच्या अकाउंट्समधला माणूस ई-वे बिलाच्या (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडी नंबराच्या भागात, टेम्पोचा नंबर टाकून मोकळा होतो. झालं, बिलाच्या मुदतीचं घड्याळ सुरू! माल अजून बडोद्याबाहेर पडलेला नाही, भिवंडीची गाडी भरायला दोन दिवस आहेत, आणि इकडे मुदत संपत चालली.

अरे बाबांनो, कोणी सांगितलंय तो नंबर टाकायला? एकाच राज्यात, माल पाठवणाऱ्याकडून ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनपर्यंत 50 किलोमीटरच्या आतलं अंतर असेल तर पार्ट बी भरावाच लागत नाही. 1 एप्रिल 2018 ला ई-वे बिल लागू झालं तेव्हापासून ही सवलत आहे. पार्ट ए, म्हणजे मालाचा तपशील, भरा, ट्रान्सपोर्टरचा आयडी टाका, माल पाठवा. पार्ट बी भरायला तिथून 15 दिवस मिळतात. गाडी भरून ताडपत्री बांधली की ट्रान्सपोर्टर तिचा नंबर टाकेल आणि मुदत तेव्हा सुरू होईल. इतकं साधं आहे. पण नाही, रकाना रिकामा दिसला की ह्यांचे हात शिवशिवतात!

आता हिशेब बघा. मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. बडोदा ते भिवंडी चारशेच्या आत, म्हणजे दोन दिवस. पहिला दिवस बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो, त्यामुळे सोमवारी बनलेलं बिल बुधवारी रात्री बारापर्यंत चालतं. गाडी सोमवारीच सुटली असती तर भरपूर वेळ होता. पण सोमवारी सुटला तो टेम्पो! गाडी भरली बुधवारी दुपारी, संध्याकाळी जांबुवाच्या पुलावर अडकली, पुढे बामणगामला पुन्हा तीच रांग, आणि तलासरीला पोचेपर्यंत बिल मेलेलं. पावसाळ्यात ह्या अरुंद पुलांवर काय होतं ते बडोद्यात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

मुदत वाढवता येते, पण कधी? संपायच्या आधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास. वरच्या बिलाला बुधवारी दुपारी चार ते गुरुवारी सकाळी आठ. त्याच्या आधी पोर्टल घेत नाही, नंतरही घेत नाही. गाडी आता कुठे आहे तिथला पिनकोड, उरलेले किलोमीटर, कारण, गाडी नंबर, एवढं भरायचं असतं. पाच मिनिटांचं काम. पण ते करणार कोण? वाढवण्याचा अधिकार त्या घडीला ज्याच्या आयडीवर बिल आहे त्या ट्रान्सपोर्टरला. पार्टीने, म्हणजे माल पाठवणाऱ्याने, आयडी टाकलाच नसेल तर तो पार्टीकडेच राहतो, आणि पार्टीचं ऑफिस सहाला बंद! रात्री अकराला फोन कोण उचलतो?

आणि आयडी असला तरी आमच्या ट्रान्सपोर्टच्या धंद्यातले लोक काय कमी आहेत? 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांना लॉगिनसाठी ओटीपी सक्तीचा झाला. ओटीपी कुठे येतो? शेठच्या मोबाईलवर. शेठ झोपलेले. रात्रपाळीचा मुनीम स्क्रीनसमोर बसून आठ तासांची खिडकी बंद होताना बघतो. सब-युजर नावाची सोय पोर्टलवरच आहे. मुनीमाचा वेगळा लॉगिन काढा, त्याला त्याचा मोबाईल नंबर जोडा, ओटीपी त्याच्याकडे येईल. एकदाच करायचं काम, तरीही कित्येक ऑफिसांत अजून झालेलं नाही. चीड येते.

खरा जाळ तर फुटकर मालात आहे. एका गाडीत साठ पार्ट्यांचा माल, त्या सगळ्यांचं मिळून एक कन्सॉलिडेटेड ई-वे बिल. लोकांना वाटतं, ते बनलं म्हणजे गाडी सुरक्षित. अजिबात नाही. त्या एकत्र बिलाला स्वतःची मुदतच नसते. आतल्या प्रत्येक बिलाची मुदत वेगळी संपते. एकोणसाठ चालू आणि एक मेलेलं असलं तरी अख्खी गाडी बाजूला लागते. ज्यांचं सगळं बरोबर होतं त्या एकोणसाठ जणांच्या शिव्या ट्रान्सपोर्टरला. म्हणून गाडी सुटायच्या आधी प्रत्येक बिलाची शेवटची तारीख एका कागदावर उतरवा, सगळ्यात आधी संपणारं वर, आणि तो कागद रात्रपाळीच्या टेबलावर ठेवा.

आता दंड. जीएसटी कायद्याचं कलम 129. 8 लाखांचा माल, 18 टक्क्यांनी जीएसटी 1,44,000. दंड त्याच्या 200 टक्के, म्हणजे 2,88,000! माल खरा, बिल खरं, कर भरलेला, फक्त तारीख उलटली. 14 सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकाने पिनकोड चुकला, नावाचं स्पेलिंग चुकलं, गाडी नंबरातला एखादा आकडा चुकला, तर केंद्राचे 500 आणि राज्याचे 500 एवढाच दंड ठेवला. बरोबर केलं. मग रस्त्यावरच्या कोंडीने संपलेली मुदत त्या यादीत का नाही? पूल अरुंद ठेवला कोणी? जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या प्रकरणात, कोंडीमुळे मुदत संपली आणि करचुकवेगिरीचा हेतू दिसत नाही म्हणून दंड रद्द ठेवला, वर अधिकाऱ्याच्या वागण्याबद्दल 59,000 रुपयांचा जादा खर्च लावला. तरी रस्त्यावर आजही 200 टक्क्यांचीच भाषा चालते, कारण त्यांना माहीत असतं की पार्टी घाबरून भरणार.

घाबरून भरायचंच असेल तर निदान नीट भरा. एमओव्ही-07 ही दंडाची नोटीस घ्या, तिला लेखी उत्तर द्या, कोंडीचे फोटो, टोलच्या वेळा आणि जीपीएसचा नकाशा जोडा, पैसे हरकत नोंदवून भरतोय असं लिहा, आणि एमओव्ही-09 हा दंडाचा आदेश मागून घ्या. पैसे भरले म्हणून आदेश द्यायचा नाही असं चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलंय. आदेशच नसेल तर अपील कशावर करणार? दंड न भरता अपीलात गेलात तर आधी दंडाच्या 10 टक्के जमा करावे लागतात (1 ऑक्टोबर 2025 च्या आधी 25 टक्के होते), हेही डोक्यात ठेवा.

गाडी अर्ध्या तासाच्या वर अडवली तर पोर्टलवरच्या ईडब्ल्यूबी-04 फॉर्ममध्ये ते नोंदवायची सोय ट्रान्सपोर्टरला आहे. अधिकाऱ्याने तपासणीचा सारांश 24 तासांत आणि अंतिम अहवाल तीन दिवसांत पोर्टलवर टाकायचा असतो. ही नोंद केली की गाडी अडवल्याचं पोर्टलवर राहतं. पण आपण काय करतो? ओळखीच्या माणसाला फोन.

आणि ड्रायव्हर! एमओव्ही-01 हा त्याचा जबाब. न वाचता सही करायला लावतात. 'माल कुठे उतरवायचा ते मला माहीत नाही' असं एक वाक्य त्यात आलं की पुढे तेच तुमच्या अंगावर येतं. त्याला एवढं तरी शिकवा: वाचल्याशिवाय सही नाही, येत नसलेल्या भाषेत तर नाहीच, फोटो काढून आधी ऑफिसला पाठवायचा. हे न शिकवता काही मालक दंडाची रक्कम त्याच्या पगारातून कापतात. हे बेकायदा आहे! त्याच्या हलगर्जीमुळे नुकसान झालं असेल तरच कपात, तीही त्याला बाजू मांडायची संधी देऊन. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. आधीच्या कायद्यात हे होतं, वेतन संहितेतही आहे. पार्ट बी कारखान्याने भरला, मुदत ऑफिसने वाढवली नाही, आणि चार दिवस उन्हात गाडी राखत बसलेल्या माणसाचा भत्ता कापायचा? दंड वसूल करायचाय तर बिल्टीवर (माल घेतल्याची ट्रान्सपोर्टरची पावती) अट छापा, आणि ज्याने टेम्पोचा नंबर टाकला त्या पार्टीच्या नावावर डेबिट नोट काढा.