डीएफमध्ये लूप १०० टक्के दिसतंय? आधी काहीही उडवू नका

लिनक्स शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'डीएफ' (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारल्यावर लूप नावाची डिव्हाइसं १०० टक्के भरलेली दिसली की डिस्क संपत आली, त्यांच्या फाइली उडवा. लूप माउंटमुळे (माउंट म्हणजे फाइल सिस्टम वापरायला जोडणं) मशीन निम्म्या वेगानं चालतं. अशी डिव्हाइसं आठच असतात. फाइलीत बनवलेली फाइल सिस्टम पहिल्या दिवसापासून पूर्ण जागा खाते. सबब लूप मॉड्यूल (कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, तो तुकडा) ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे बंदीच्या यादीत टाकून, मोकळे व्हा. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच.

आमच्याकडे नव्यानं लागलेल्या एका मुलानं यातला पहिला सल्ला पाळला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी लूप म्हणजे काय ते सांगतो. फाइल सिस्टम माउंट करायची तर सहसा खाली ब्लॉक डिव्हाइस लागतं, म्हणजे डिस्क, पार्टिशन, पेनड्राइव्ह यांपैकी काहीतरी. लूप ड्रायव्हर एका साध्या फाइलीला ब्लॉक डिव्हाइसचा मुखवटा चढवतो. आयएसओ फाइल (सीडीची हुबेहूब प्रत) सीडी न जाळता उघडता येते ती यामुळेच. नेटवर्कमधल्या १२७.०.०.१ वाल्या लूपबॅकशी याचं नाव सोडून काही नातं नाही.

आता तो १०० टक्क्यांचा बागुलबुवा. उबंटूवर दिसणारी बहुतेक लूप डिव्हाइसं स्नॅप पॅकेजांची (उबंटूची प्रोग्रॅम बसवायची एक पद्धत) असतात. प्रत्येक स्नॅप म्हणजे स्क्वॅशएफएसची एक दाबून बांधलेली फाइल, फक्त वाचता येणारी. ती बनतानाच आतल्या मजकुराच्या मापाची बनते, रिकामा ब्लॉक तिच्यात नसतोच. म्हणून 'कोअर२०' या स्नॅपसमोर साधारण ६४ एमबीपैकी ६४ एमबी वापरात, शिल्लक शून्य, असं दिसतं आणि मशीन असेपर्यंत तसंच दिसणार. छापून झालेल्या पुस्तकात कोरी पानं उरली नाहीत म्हणून कुणी घाबरत नाही.

आमच्या मुलानं त्या स्नॅप फाइली थेट 'आरएम'नं उडवल्या आणि माझ्याकडे आला. "सर, अडीच जीबी काढले, पण जागा होती तेवढीच दाखवतंय."

"रीबूट केलंस?"

"नाही अजून."

"मग करूही नकोस."

माउंट असलेली फाइल उडवली की तिचं फक्त नाव जातं. लूप डिव्हाइसनं ती उघडी धरलेली असते, त्यामुळे डेटा डिस्कवर तसाच राहतो आणि जागाही सुटत नाही. लूप डिव्हाइसं सांभाळणाऱ्या 'लोसेटअप' कमांडची यादी काढली तर प्रत्येक ओळीत जुना पूर्ण पत्ता होता आणि पुढे कंसात 'डिलीटेड'. रीबूट झालं असतं तर मात्र खेळ खलास होता. उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्ससुद्धा स्नॅपमधूनच येतो, तोही गेला असता. आम्ही प्रत्येक लूप डिव्हाइस 'डीडी'नं वाचून त्याच नावाच्या फाइलीत परत उतरवलं. पण त्यासाठी आधी जागा हवी होती. कुठे किती जागा गेली ते मोजणाऱ्या 'डीयू'ला एकाच फाइल सिस्टममध्ये राहायला सांगणारा 'एक्स' पर्याय देऊन शोधलं, तेव्हा खरा चोर सापडला: आमच्याच बॅकअप स्क्रिप्टचा ११ जीबीचा लॉग. स्नॅपची जागा खरोखर कमी करायची असेल तर 'स्नॅप लिस्ट'ला सगळं दाखवायला सांगा आणि ज्या जुन्या आवृत्त्यांपुढे 'डिसेबल्ड' लिहिलंय त्या 'स्नॅप रिमूव्ह'ला 'रिव्हिजन' पर्यायात त्यांचा क्रमांक देऊन काढा, नाहीतर अख्खा स्नॅपच जाईल.

वेगाच्या आरोपात तथ्य आहे, पण ते शिळं आहे. फाइल सिस्टमवर फाइल आणि त्या फाइलीत दुसरी फाइल सिस्टम, म्हणजे हिशेब दोनदा होतो. पूर्वी कॅशही दोनदा भरायची, वरच्या फाइल सिस्टमची एक आणि खालच्या फाइलीची एक. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ४.४ कर्नेलपासून लूपला डायरेक्ट आयओ (कॅश टाळून थेट डिस्कशी व्यवहार) जमतं. ते 'लोसेटअप'ला सांगून सुरू केलं की दुसरी कॅश टळते. ही बदनामी बऱ्याच अंशी डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या, लूप फाइलींवर डेटा ठेवणाऱ्या जुन्या 'लूप-एलव्हीएम' पद्धतीमुळे झाली, आणि ती प्रॉडक्शनवर वापरू नका असं डॉकरच्या कागदपत्रांतच लिहिलेलं होतं. मीही लूपवर डेटाबेस ठेवणार नाही. पण आयएसओ उघडून चार फाइली काढताना मशीन निम्म्यावर येतं ही थाप आहे.

आठ डिव्हाइसांची गोष्ट तर आजोबांच्या काळातली. ३.१ कर्नेलपासून 'लूप-कंट्रोल' आहे, लागेल तसं नवं डिव्हाइस तयार होतं.

जागेच्या मुद्द्यावर मेसेज बरोबर उलटा आहे, आणि खरा धोका तिथेच आहे. 'ट्रंकेट'नं २० जीबीची फाइल करा. 'एलएस' २० जीबी दाखवेल, 'डीयू' शून्य. ही विरळ फाइल. जसं लिहाल तशी जागा घेते. आता समजा खालच्या डिस्कवर पाचच जीबी उरलेत. आतली फाइल सिस्टम तुम्हाला बिनधास्त १५ जीबी मोकळे दाखवत राहते, कारण तिला खालचं काही दिसत नाही. मग खालची डिस्क भरते आणि आत 'जागा संपली' हा सरळ निरोप येण्याऐवजी आयओ एरर येतात, जणू डिस्कच खराब झालीय. काही वेळा एक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, सोडून देते आणि केवळ वाचण्यापुरती उरते. जागा नक्की हवी असेल तर 'ट्रंकेट'ऐवजी 'एफअ‍ॅलोकेट' वापरा, ते ब्लॉक आधीच राखून ठेवतं.

उलट बाजूही आहे. आतल्या फाइली पुसल्या म्हणून बाहेरची फाइल आपोआप बारीक होत नाही. आत 'एफएसट्रिम' (रिकामे ब्लॉक खाली कळवणारी कमांड) चालवावं लागतं, मग एक्सटी४ किंवा एक्सएफएससारख्या खालच्या फाइल सिस्टमवर त्या फाइलीत पुन्हा भोकं, म्हणजे जागा न खाणारे रिकामे भाग, पडतात. आणि हीच फाइल 'एससीपी'नं दुसऱ्या मशीनवर पाठवलीत तर भोकंही शून्यं बनून प्रवास करतात, २० जीबीच्या २० जीबी. 'आरसिंक'ला 'स्पार्स' पर्याय द्या म्हणजे पलीकडे तरी फाइल विरळ उतरते, आणि वाटेतली शून्यं दाबायला 'कॉम्प्रेस'ही द्या. हे मी एका रात्रीचं बॅकअप सकाळपर्यंत लांबवून शिकलोय.

राहिला ब्लॅकलिस्टचा सल्ला. तो पाळून लूप खरंच बंद पडला तर स्नॅप उठणार नाहीत, आयएसओ माउंट होणार नाही, रास्पबेरी पायची इमेज कार्डावर टाकण्याआधी उघडून वायफायचं नाव भरता येणार नाही. त्या इमेजमध्ये दोन पार्टिशन असतात. 'लोसेटअप'ला पार्टिशन शोधायला सांगितलं की दोन्ही वेगवेगळी समोर येतात. सावधगिरी हवी ती वेगळ्याच ठिकाणी: कुठून तरी आलेली इमेज माउंट करणं म्हणजे तिचा मजकूर कर्नेलच्या हाती वाचायला देणं. अनोळखी इमेज व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडा. ओळखीचीही 'नोसूआयडी' आणि 'नोडेव्ह' (आतल्या फाइलींना जादा अधिकार आणि डिव्हाइस म्हणून मान न देणारे माउंटचे पर्याय) लावून उघडलेली बरी.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी २०० एमबीच्या तीन फाइली करायला लावल्या. त्यांना लूप जोडून 'एमडीअ‍ॅडम'नं रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी जोडणी) बनवला, मग त्यातलं एक डिव्हाइस त्याच्याच हातानं नापास करून काढून टाकायला सांगितलं. आतली फाइल तरीही उघडतेय हे त्यानं तीनदा तपासलं. मग चौथी फाइल जोडून रिबिल्ड होताना टक्केवारी बघत बसला, चहा गार होईपर्यंत.