दर महिन्याला पासवर्ड बदलू नका, काकू

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘पासवर्ड दर महिन्याला बदला. त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह घाला. कागदावर कधीही लिहू नका. ओटीपी आहे तोवर खातं सुरक्षित.’ पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच आहे. पण हे नियम पाळणारी माणसंच फसताना बघतोय, म्हणून लिहितो.

दर महिन्याला बदलायचं. शेजारच्या काकूंनी हे वर्षभर इमानेइतबारे केलं. नातवाचं नाव, पुढे ॲट (@), पुढे महिन्याचा आकडा. जूनमध्ये 6, जुलैमध्ये 7. यातला एक फुटला की पुढचा कुणीही ओळखेल. सतत बदलायला लावलं की माणूस असंच करतो, यात काकूंचा दोष नाही. कॅपिटल-आकडा-चिन्हाचा आग्रह ज्यातून पसरला, ती 2003 सालची मार्गदर्शिका अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेतल्या बिल बर्र यांनी लिहिली होती. 2017 मध्ये निस्टनेच आपला सल्ला बदलला: पासवर्ड फुटल्याची खूण दिसली तरच बदलायला लावा. त्याच वर्षी, निवृत्त झालेल्या बर्र यांनीही आपल्याला पश्चात्ताप होत असल्याचं सांगितलं.

चिन्हाचंही तेच. ‘ए’च्या जागी ‘ॲट’ आणि शेवटी 1, ही युक्ती चोरांच्या प्रोग्रॅमला केव्हाची पाठ आहे. 2009 मध्ये ‘रॉकयू’ कंपनीकडून 3 कोटींहून जास्त पासवर्ड जसेच्या तसे बाहेर गेले. अशा याद्या वापरूनच अंदाज बांधले जातात. लांबी जास्त कामाची: एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द. आणि प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, कारण एका दुकानाच्या साइटवरून फुटलेला पासवर्ड लगेच तुमच्या ई-मेलला लावून बघतात.

इतके पासवर्ड लक्षात राहणार कसे? पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळून ठेवणारं ॲप, जमत असेल तर उत्तमच. नसेल तर वहीत लिहा, खुशाल लिहा. दूर कुठेतरी बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. एटीएमचा पिन मात्र पाकिटात नको, आणि वहीच्या पानाचा फोटो फोनमध्ये तर नकोच. काका गेले तेव्हा त्यांचा ई-मेल, त्यातले घराच्या कागदांचे स्कॅन, सगळं काकूंना त्यांच्या अशाच वहीमुळे उघडता आलं.

सगळ्यात घातक वाक्य ओटीपीचं आहे. ओटीपी बंद करा असं मी म्हणत नाही, तो हवाच. पण त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नका. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर ‘पत्रिका’ येते. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ती पत्रिका नसून ॲप असतं. उघडलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो आणि पुढचा प्रत्येक ओटीपी चोराच्या हातात पडतो. कुणी आवाज चढवून ओटीपी मागायचीही गरज उरत नाही. पत्रिका एपीके कधीच नसते. आली तर ज्यांच्या घरचं लग्न त्यांना फोन करा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा आणि बँकेला कळवा.

रविवारी काकूंबरोबर बसून पासवर्ड बदलले, एकदाच. सुरुवात ई-मेलपासून केली, कारण बाकी बहुतेक खात्यांची ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक तिथेच येते.