‘नाव भरली आहे’ म्हणणाऱ्यांना बाहत्तरच्या खडीवरून उत्तर

गेल्या आठवड्यात पुण्याच्या भाच्यानं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. महिनाभर तो सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं: जग म्हणजे भरलेली नाव. गरिबांनी पोरं वाढवली म्हणून हवामान बिघडलं. रेशन, रोहयो, गरीब देशांना मदत, सगळं बंद करा, नाहीतर सगळेच बुडतील. जे सगळ्यांचं असतं ते नासतंच, म्हणून पाणी खासगी मालकीचं करा. आणि न्याय-समता ही कॉलेजातली भाषा. खाली ‘थोर शास्त्रज्ञाचा सिद्धांत’ अशी मोहोर.

आईनं तो नातीकडून वाचून घेतला. आई सत्तरी ओलांडलेली. बाहत्तरच्या दुष्काळात अंबड तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ तिनं आधी खडी फोडली, मग पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. मिळेल ती सुकडी आणि मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी खाऊन ती पोरगी जगली. ऐकून झाल्यावर तिनं मला विचारलं, ‘‘मंग आमाला बी तवाच ढकलून द्याया पाहिजे व्हतं का रे?’’

म्हणून आधी नावेचंच बघू. हा थोर शास्त्रज्ञ म्हणजे गॅरेट हार्डिन, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ. १९७४ साली त्यानं जीवरक्षक नावेवर लेख लिहिला. नावेत ५० जण बसलेले, आणखी १० जणांना जागा, आणि पाण्यात १०० जण हातपाय मारताहेत. मेसेजवाल्यानं त्या १० जागा गाळून टाकल्या. हार्डिनचा सल्ला असा की त्या दहाही रिकाम्याच ठेवा, अडीनडीला असू द्या. म्हणजे मूळ लेखातसुद्धा नाव भरलेली नाही! जागा असून माणसं बुडू द्या, असं त्याचं सांगणं आहे. त्याला शास्त्र म्हणायला मी तयार नाही.

पाण्यात पडलेली माणसं पडली कशी, हे हार्डिन विचारत नाही. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसं भुकेनं मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात आकडे मांडून दाखवलं की त्या वर्षी बंगालमधला धान्यपुरवठा १९४१ पेक्षा जास्तच होता, आणि १९४१ मध्ये दुष्काळबळी नव्हते. बाजारात धान्य होतं. ते विकत घ्यायची ऐपत मजुरांच्या, कोळ्यांच्या हातातून गेली होती. आता हेच आपल्याकडे लावून बघा. बाहत्तर-त्र्याहत्तरला महाराष्ट्रात पीक पार बसलं, मराठवाड्यात तर कुसळही उगवलं नाही. तरी बंगालसारखं झालं नाही. का? त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. हातात मजुरी पडत होती, मजुरी होती म्हणून धान्य घेता येत होतं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास केला आहे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात आली आणि २००५ मध्ये तीच कल्पना देशभर गेली. मेसेज जी रोहयो बंद करा म्हणतो ती हीच. भुकेल्याला काम मागायचा हक्क आहे, हा राजकीय तत्त्वज्ञानातला विचार आपल्या मातीत असा कायदा होऊन उभा राहिला.

मदत केली की लोकसंख्या फुगते म्हणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. रोहयो याच राज्यात जन्मली. हा मुद्दा इथेच संपला.

हवामानाचं म्हणाल तर एक अमेरिकन माणूस वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, एक भारतीय साधारण २ टन. आणि हिशेब मागायचा आष्टी-पाटोद्याच्या ऊसतोड बाईकडे?

सगळ्यांचं ते नासतं, हेही हार्डिनचंच म्हणणं. यात निम्मं खरं आहे, मनाविरुद्ध कबूल करतो. २०१२ च्या दुष्काळात आमच्याकडे मोसंबीच्या बागा जळाल्या तेव्हा प्रत्येकानं शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर घेतला, मीही घेतला, आणि सगळ्यांचंच पाणी खाली गेलं. पण ज्यावर कुणाचाच नियम नाही ते नासतं. हार्डिननं स्वतः पुढे मान्य केलं की त्याचं म्हणणं व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेपुरतं आहे. मेसेजात हे नाही. लोक मिळून नियम करून पाणी, कुरणं, जंगलं पिढ्यान्‌पिढ्या नीट सांभाळतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं, त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि पाणी विकायला काढलं तर टँकर कुणाच्या दारात उभा राहील, हे मराठवाड्यातल्या बाईमाणसाला विचारा.

राहिली ती न्यायाची ‘कॉलेजातली भाषा’. आपण ज्या पाण्यावर उभे आहोत त्याचंच नाव ‘समन्यायी पाणीवाटप’ आहे. राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात ते तत्त्व लिहिलेलं आहे. तुटीच्या वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं ते याच आधारावर, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. ‘आम्ही वर आहोत, आधी आमचं’ हे वरच्यांचं म्हणणं आणि हार्डिनची नाव एकच. पैठणच्या डाव्या कालव्याला पाणी येतं तेव्हा अंबड-घनसावंगीत कुणी त्याला पुस्तकी म्हणत नाही.

भाच्याला मी एवढंच लिहिलं: तुझ्या बापाची विहीर त्या पाझर तलावाच्या खालच्या अंगाला आहे. बारा सालीही तिला गुडघाभर पाणी होतं, म्हणून तुमची अर्धी बाग वाचली आणि त्या मोसंबीवर तुझी इंजिनिअरिंगची फी भरली. त्या तलावाची माती तुझ्या आजीनं डोक्यावर वाहिलेली आहे. रविवारी गावी आलास की तिच्यासोबत बांधावर जाऊन ये, आणि मेसेज तिथं तिला तू स्वतः वाचून दाखव.