बॅटरी काढल्याने स्टीअरिंगचे शून्य जागेवर येत नाही

स्टीअरिंग व्हील काढून पुन्हा बसवल्यानंतर डॅशबोर्डवर ईएसपीचा (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा) किंवा ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लागून राहिला तर काय करावे, याचा एक उपाय मोबाइलवरून मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: बॅटरीची निगेटिव्ह केबल दहा-पंधरा मिनिटे काढून ठेवा, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी पुसली जाते, मग स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि गाडी थोडी सरळ चालवा, व्हील वाकडे वाटले तर शाफ्टवर एक दाता सरकवून बसवा, एवढे करूनही दिवा गेला नाही तर व्हीलचा कोन मोजणारा सेन्सर गेला असे समजून नवा टाका, आणि तोवर काळजी नको, कारण ब्रेक तर लागतातच. स्कॅनर लावून कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरला शून्य पुन्हा शिकवणे, करायला सांगणारे मेकॅनिक उगाच पैसे उकळतात, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. यातला एक तुकडा काही गाड्यांपुरता खरा आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचे सगळे खपून जाते, म्हणून प्रत्येक विधान सुटे करून तपासलेले बरे.

मेमरी पुसली जाण्याचे विधान आधी घेऊ. स्टीअरिंग अँगल सेन्सर पुष्कळ गाड्यांत व्हीलच्या मागे, स्टीअरिंग कॉलमवर बसतो आणि व्हील कोणत्या बाजूला, किती अंश व किती वेगाने फिरले हे ईएसपीच्या युनिटला सतत कळवत असतो. त्यासाठी दोन वेगवेगळ्या गोष्टी माहीत असाव्या लागतात. व्हील मध्यापासून कितव्या फेऱ्यात आहे, ही एक. आणि तो मध्य, म्हणजे शून्य, नेमका कुठे आहे, ही दुसरी. शून्याची नोंद बहुतेक गाड्यांत सेन्सरमध्ये किंवा ईएसपीच्या युनिटमध्ये अशा मेमरीत केलेली असते, जिला टिकून राहण्यासाठी विजेची गरज नसते. बॅटरी दहा मिनिटे काढा नाहीतर दहा दिवस, चुकीचे शून्य होते तसेच राहते.

फेऱ्यांची मोजणी मात्र सेन्सरच्या रचनेवर अवलंबून आहे. चुंबकीय सेन्सरच्या एका प्रचलित रचनेत मुख्य चक्राला जोडलेली दोन लहान दातेरी चाके असतात आणि त्यांच्या दात्यांची संख्या मुद्दाम थोडी वेगळी ठेवलेली असते. त्यामुळे दोघांच्या स्थितीतल्या फरकावरून अनेक फेऱ्यांतला नेमका कोन कोणत्याही क्षणी काढता येतो. अशा सेन्सरला बॅटरी काढल्याचे सोयरसुतक नसते. काही सेन्सर मात्र फेऱ्या मोजून लक्षात ठेवतात, आणि वीज गेली की ती मोजणी विसरतात. मग ईएसपीचा दिवा लागतो, आणि व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवल्यावर किंवा गाडी थोडे अंतर सरळ चालवल्यावर विझतो. उपायातला खरा तुकडा तो हाच. एअरबॅगला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून काही मिनिटे थांबणे सक्तीचेच असल्यामुळे व्हील काढणाऱ्या प्रत्येकाने बॅटरी काढलेली असते, आणि पुष्कळांचा दिवा त्या बॅटरीमुळेच लागलेला असतो. म्हणजे दुखणे बॅटरी काढल्याने आलेले आणि औषध म्हणून सांगितले जाते तेही बॅटरी काढणेच. गुण येतो तो त्यानंतर व्हील फिरवल्याने.

शेवटपर्यंत फिरवण्याचा सल्लाही डोळे झाकून पाळण्यासारखा नाही, आणि याविषयी तो उपाय जे सांगत नाही ते अधिक गंभीर आहे. व्हीलच्या मागे क्लॉक स्प्रिंग असते. तिच्या आत रिबनसारखी चपटी केबल गुंडाळलेली असून हॉर्न, व्हीलवरची बटणे आणि मुख्य म्हणजे एअरबॅग यांचे कनेक्शन त्या रिबनमधून जाते. स्टीअरिंगला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे लागतात, आणि रिबनची लांबी त्याहून थोडी जास्त, पण मोजकीच असते. व्हील काढलेले असताना क्लॉक स्प्रिंग सहज हाताने फिरते. कुणी ती एखादा-दीड फेरा फिरवून तशीच व्हीलखाली बसवली, तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग हा उपाय वाचून व्हील एका बाजूला पूर्ण फिरवले जाते, शेवटच्या पाव फेऱ्यात किंचित ताण लागतो, आणि रिबन तुटते किंवा मुडपते. त्यानंतर हॉर्न वाजत नाही, एअरबॅगचा दिवाही लागतो, आणि जो दोष केवळ शून्याचा होता त्यात एका नव्या सुट्या भागाची भर पडते. म्हणून पुढची चाके सरळ ठेवून क्लॉक स्प्रिंग आधी मध्यावर आणावी लागते: हलक्या हाताने एका टोकाला न्यायची, तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजायचे आणि बरोबर निम्मे परत यायचे, त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खुणा किंवा फेऱ्यांची संख्या दिलेली असेल तर अर्थातच तीच पाळायची. एअरबॅगचा दिवा आधीच लागलेला असेल, तर व्हील टोकापर्यंत फिरवण्याचा विचारही करू नये.

एक दाता सरकवण्याच्या सल्ल्याला साधे गणित पुरेसे आहे. शाफ्टवर ३६ दाते आहेत असे धरले, तर एक दाता म्हणजे १० अंश. व्हील ४ अंश डावीकडे कललेले असेल, तर एक दाता सरकवल्यावर ते ६ अंश उजवीकडे कलेल. काही गाड्यांत तर एक दाता रुंद ठेवलेला असतो, म्हणजे व्हील एकाच स्थितीत बसते आणि सरकवण्याचा प्रश्नच उरत नाही. काढण्यापूर्वी व्हील आणि शाफ्ट यांच्यावर समोरासमोर खूण केलेली असेल आणि व्हील त्याच खुणेवर बसले असेल, तर उरलेला वाकडेपणा बहुधा व्हील अलाइनमेंटचा असतो. तो टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, एका बाजूला जितका लांबवला तितका दुसऱ्या बाजूला आखडून काढायचा असतो. शिवाय सेन्सरचे फिरते चक्र कशाला जोडलेले आहे, यावरही बरेच अवलंबून आहे. ते शाफ्टला जोडलेले असेल, तर व्हील दात्यावर सरकवल्याने सेन्सरचा आकडा तसूभरही बदलत नाही. ते व्हीलच्या मागच्या पिनांनी क्लॉक स्प्रिंगबरोबर फिरत असेल, तर एका दात्यासरशी शून्य १० अंशांनी घसरते आणि जो दिवा घालवायला निघालो तोच पक्का होतो.

आता सेन्सर गेल्याचा निष्कर्ष. दिवा विझला नाही एवढ्या पुराव्यावर सेन्सर बदलणे हा या उपायातला सर्वांत महागात पडणारा भाग आहे, कारण नव्या सेन्सरलाही शून्य शिकवावे लागते आणि काही गाड्यांत कोडिंगही करावे लागते. ते केले नाही तर नव्या सेन्सरवरही दिवा लागलेलाच राहतो आणि मग तोही खराब ठरवला जातो. आधी युनिटने नोंदवलेला दोषाचा कोड स्कॅनरने वाचावा. यू०१२६ म्हणजे सेन्सरशी संपर्कच तुटला आहे. तिथे प्रथम कनेक्टर नीट बसला आहे का, पिन वाकली आहे का, फ्यूज शाबूत आहे का, हे पाहायचे. यू०४२८ म्हणजे सेन्सर बोलतो आहे, पण त्याचे सांगणे युनिटला ग्राह्य वाटत नाही. व्हील पुन्हा बसवल्यानंतर असा कोड दिसला तर शून्याचा संशय आधी घ्यावा. फक्त इंजिनाचे कोड वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरला हे दिसत नाहीत. एबीएस-ईएसपीच्या युनिटपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो.

कोडपेक्षाही बोलका असतो तो स्कॅनरवर दिसणारा व्हीलच्या कोनाचा चालू आकडा. गाडी सपाट जागेवर, चाके सरळ ठेवून तो पाहावा आणि मग व्हील सावकाश फिरवावे. आकडा सलग चढत-उतरत गेला आणि पूर्ण फेऱ्याला ३६० अंशांचा फरक पडला, तर सेन्सर धडधाकट आहे. मध्येच उडी मारली, गोठला किंवा नाहीसा झाला, तरच सेन्सर बदलण्याची भाषा करावी. क्लॉक स्प्रिंग मध्यावर असल्याची खात्री असेल तर दोन्ही टोकांचे आकडेही घ्यावेत. डावीकडे ५४० आणि उजवीकडे ५०० दिसले, तर स्टीअरिंग दोन्हीकडे सारखे वळते असे धरून शून्य २० अंशांनी उजवीकडे सरकलेले आहे, म्हणजे चाके सरळ असतानाही सेन्सर २० अंश डावीकडे दाखवतो. असा सेन्सर मोडलेला नसतो. तो चुकीच्या जागेपासून अचूक मोजत असतो.

ब्रेक लागतात म्हणून चिंता नको, हे अर्धसत्य आहे. नेहमीचे ब्रेक चालतात आणि पुष्कळदा एबीएसही चालते, पण निसरड्या वळणावर गाडी सावरणारी यंत्रणा बंद असते. १९९५ साली मर्सिडीज-बेंझने आणलेली ही यंत्रणा नोव्हेंबर २०१४ पासून युरोपीय संघात सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली, ती काही शोभेसाठी नव्हे. चालकाला कुठे वळायचे आहे हे तिला अँगल सेन्सरवरून कळते आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे हे यॉ सेन्सरवरून. गाडी सरळ जात असताना पहिला ‘२० अंश डावीकडे’ म्हणतो आणि दुसरा ‘मुळीच वळण नाही’ म्हणतो, तेव्हा गाडी वळायला नकार देऊन सरळ घसरते आहे असाच हिशेब निघतो, आणि त्यावर विसंबून यंत्रणेने एखाद्या चाकाला ब्रेक लावला तर तो नको तिथे लागेल. हा धोका टाळण्यासाठी युनिट विसंगती ओळखून स्वतः बाजूला होते. दिवा त्याचीच सूचना आहे.

राहिला तो पैसे उकळण्याचा आरोप. फक्त कोड पुसून पैसे घेणाऱ्याला तो लागू पडतो, कारण कोड पुसणे आणि शून्य शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. खरे कॅलिब्रेशन काही मिनिटांचे असले तरी त्याला क्रम आहे: टायरमधली हवा आणि अलाइनमेंट आधी, चाके सरळ, व्हील मध्यावर, बॅटरीचे व्होल्टेज पुरेसे, आणि मगच स्कॅनरवरून शून्याची नोंद. काही गाड्या सरळ रस्त्यावर थोडे अंतर चालवल्यावर हे स्वतः शिकतात. त्यांत स्कॅनर लावण्याचा आग्रह धरणारा मेकॅनिक खरोखरच अनावश्यक काम सांगत असतो. नोंद झाल्यावर गाडी सरळ चालवून आकडा शून्याच्या आसपास राहतो का हे पाहावे, आणि तो राहूनही दिवा पुन्हा लागला तर व्हीलला परत हात न लावता यॉ सेन्सर, चाकांचे स्पीड सेन्सर आणि वेगवेगळ्या मापांचे टायर यांच्याकडे वळावे.