दुर्बीण भागीदारीत, लगाम कुणाकडे?

शनिवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर पराग तावातावाने सांगत होता, "चंद्रावर स्वतःच्या जिवावर उतरलो ना? मग अवकाश दुर्बीणही आपली आपण पाठवू. भागीदारी म्हणजे गळ्यात लोढणं."

त्याच्याकडे दाखला होता, आणि तो बिनतोड वाटणारा होता. ई-रोसिटा. जर्मनीची क्ष-किरण दुर्बीण जुलै २०१९ मध्ये रशियाच्या यानावर बसून गेली. अख्ख्या आकाशाची आठदा पाहणी ठरली होती. निम्मी झाली, युक्रेनवर हल्ला झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जर्मनांनी दुर्बिणीचं काम थांबवलं. "दुर्बीण धडधाकट होती रे! भांडण जमिनीवरचं आणि डोळे मिटले वर."

मग मंदारने जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा दाखला दिला. दुर्बीण मुख्यतः अमेरिकेची, रॉकेट युरोपचं. २५ डिसेंबर २०२१ ला एरियन-५ने ती इतक्या अचूक मार्गावर सोडली की दहा वर्षांचं धरलेलं इंधन आता वीसहून जास्त वर्षं पुरेल.

"ते श्रीमंतांचं झालं. आपलं सांग," पराग म्हणाला.

मग मला राहवेना. दुर्बिणी घेऊन फिरणारा आपला उपग्रह ॲस्ट्रोसॅट आहे की! त्यातली एक क्ष-किरण दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये घडली. क्ष-किरण समोरून आरशावर पडले तर त्यातच जिरतात, अगदी निसटते पडले तरच वळतात. म्हणून सोन्याचा थर दिलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे शंकूसारखे वळवून एकात एक बसवले. हे कसब आपल्या माणसांचं. कॅमेरा ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाचा. शेजारच्या अतिनील दुर्बिणीचे डिटेक्टर कॅनडाच्या मदतीने आले. उपग्रह आपला, २८ सप्टेंबर २०१५ ला त्याला वर नेणारं पीएसएलव्ही रॉकेटही आपलं. आणि त्या अतिनील दुर्बिणीतून पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने ९३० कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका टिपली. कॅमेरा नि डिटेक्टर घरी होईपर्यंत थांबलो असतो, तर २०२० मध्ये हे जाहीर करायला आपण नसतो.

पराग जरा निवळला. "म्हणजे लगाम आपल्या हातात असेल तर चालेल."

माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. लगाम दुसऱ्याकडे असला तरी आपला आरसा जात असेल तर जाऊ द्यावा. कारण अर्ध्यावर थांबलेल्या त्याच ई-रोसिटाच्या पहिल्या सहा महिन्यांच्या पाहणीची यादी जानेवारी २०२४ मध्ये खुली झाली, त्यात सुमारे ९ लाख क्ष-किरण स्रोत आहेत. ती यादी आज कुणीही उघडून वापरू शकतो, आपली पोरंसुद्धा.