गौतमीपुत्राचं मोठेपण तीन समुद्रांत नाही

गुढीपाडवा आला की शालिवाहनाचे फॉरवर्ड सुरू. कुंभाराचा पोर, मातीचं सैन्य, शकांचा धुव्वा. गोष्ट झकास आहे. पण शालिवाहन ज्यांचा म्हणतात त्या सातवाहन राजांनी आपल्या लेखांत शक ही कालगणना वापरलीच नाही. अमक्या राजाचं अमकं वर्ष, एवढंच लिहायचे. असो.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, हे आपण मिरवतो. हे लिहिलंय त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या पांडवलेण्यांत, नातू पुळुमावीच्या 19व्या वर्षी. आई लेकाचं कौतुक करणारच. पण क्षहरात हे शकांचं कुळ संपवलं, ही थाप नव्हे. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या 13 हजारांवर नाण्यांचं घबाड निघालं. नाणी त्याच कुळातल्या क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राचा ठसा. वितळवायच्या भानगडीत पडलाच नाही, शत्रूच्या चेहऱ्यावरच छाप मारला!

मला मात्र त्याच लेण्यातला एक रुक्ष सरकारी हुकूम जास्त आवडतो. भिक्षूंना पूर्वी कखडी गावात शेत दिलं होतं. राज्यवर्ष 24 मध्ये राजा आणि राजमाता नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला (अधिकाऱ्याला) कळवतात: ते शेत कसलं जात नाही, गावात वस्तीच नाही, तेव्हा नगराच्या हद्दीवरच्या आमच्या शेतातून 100 निवर्तनं (जमीन मोजायचं जुनं माप) द्या. दिलेलं दान कागदावरच राहिलं, हे राजाला कळतं आणि तो ते दुरुस्त करतो. राज्य उभं राहतं ते असल्या कामांवर, असं माझं ठाम मत. घोडी काय, सगळ्यांचीच पाणी पितात.

ओहोटीही लवकरच लागली. इसवी सन 150च्या सुमाराचा शक महाक्षत्रप रुद्रदामनचा जुनागढ लेख सांगतो, दक्षिणापथपती सातकर्णीला (सातवाहनांत हे नाव अनेकांचं) दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून समूळ नष्ट केलं नाही. कान्हेरीच्या लेखातली सातवाहन राणी तर महाक्षत्रपाचीच लेक. म्हणजे 'शकांचा संहारक' म्हणून ज्याचा गौरव, त्याच्या घराण्याची शकांशी सोयरीक! पुढे यज्ञश्री या सातवाहन राजाने पुन्हा थोडं सावरलं, मग तुकडे पडले: बनवासीला चुटु, आंध्रात इक्ष्वाकु, नाशकात आभीर.

त्याच पांडवलेण्यांत आभीर ईश्वरसेनाच्या काळचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाची बाई आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे (कारागिरांच्या संघांकडे) कायमची ठेव ठेवते. ही बाई स्वतःला शकनिका म्हणवते, म्हणजे शक. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी पांडवलेण्यांत जाऊन हाही लेख बघावा.